ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि चवदार तळे

सार्वजनिक आरोग्य हा विषय विद्यापीठात शिकवायचा म्हणजे नेमके काय शिकवायचे, याचा निकाल १९१४ ते १९१६ या दोन वर्षांत अमेरिकेत लागला. निकाल लावणारे लोक रॉकफेलरच्या पैशाचे विश्वस्त होते. त्यांच्यापुढे तीन विद्यापीठांनी तीन वेगळे नकाशे ठेवले होते, त्यांतला एक स्वीकारला गेला आणि दोन बासनात गेले. त्या निकालाचे ओझे आज आपल्या वस्तीतून उच्चशिक्षणाला जाणारी मुले पाठीवर वाहत आहेत. हे विधान कोणाला ओढूनताणून केलेले वाटेल. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम माझा या विषयाशी संबंध काय ते सांगतो. मी तालुक्याच्या गावी इतिहास शिकवतो. घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. वैद्यकाचा आणि माझा संबंध आजवर सरकारी दवाखान्याच्या रांगेपुरता. परंतु आमच्याच महाविद्यालयातून बी.ए. झालेली एक मुलगी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गाला गेली, आणि पहिल्या सत्राची विषयपत्रिका व वाचनाची यादी तिने मला पाठवली. सोबत एकच प्रश्न होता : ‘सर, यात आपण कुठे आहोत?’ इतिहासाच्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो मागे मागे जाऊ लागतो. मीही गेलो.

त्या विषयपत्रिकेत पाच मुख्य विषय होते. साथरोगशास्त्र, जीवसांख्यिकी, पर्यावरण आणि आरोग्य, आरोग्य धोरण व व्यवस्थापन, आणि पाचवे सामाजिक व वर्तनशास्त्र. पुढे क्षेत्रकार्य आणि शेवटी प्रबंध. जगातल्या बहुतेक विद्यापीठांत ही पंचसूत्री थोड्याफार फरकाने हीच आहे. सामाजिक शास्त्र पाचव्या क्रमांकावर का, आणि तेही ‘वर्तना’ला बांधून का, याचे उत्तर मला १९१४ मध्ये सापडले.

त्या सालच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलरच्या शिक्षण मंडळाने एक बैठक बोलावली. आरोग्य अधिकारी तयार करणारी शाळा काढायची, पण ती कशी? विल्यम वेल्च हे जर्मनीत शिकून आलेले, प्रयोगशाळेत वाढलेले विकृतिशास्त्रज्ञ. दुसरे विक्लिफ रोज. ते मूळचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, दक्षिणेकडील राज्यांत अंकुशकृमीविरुद्ध मोहीम चालवून आलेले. या दोघांनी मिळून १९१५ साली अहवाल लिहिला. दरम्यान विद्यापीठांची चढाओढ सुरू झाली होती. हार्वर्डची योजना पाणी, नाल्या आणि अभियांत्रिकी यांवर भर देणारी. जॉन्स हॉपकिन्सची प्रयोगशाळेवर आणि जंतूवर. तिसरी योजना कोलंबिया विद्यापीठाची, आणि तिचा भर समाजशास्त्र, अर्थशास्त्र व राज्यशास्त्रावर होता. रोगाची मुळे माणसांच्या राहणीत, मजुरीत, घरभाड्यात आणि राज्यकारभारात शोधावी, असा तिचा रोख. कोलंबियाची बाजू मांडण्यात पुढे होते अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन.

हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात ज्यांच्या हाताखाली शिकले ते हेच सेलिग्मन. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी त्याच विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादवर्गात जातीच्या उगमावरचा निबंध वाचला. आणि त्याच वर्षी रॉकफेलरच्या विश्वस्तांनी कोलंबियाला बाजूला ठेवून पैसा हॉपकिन्सच्या पदरात टाकला. बाबासाहेबांना या योजनेची माहिती होती असा माझा दावा नाही, तसा पुरावा माझ्याजवळ नाही. पण एकाच विद्यापीठात, एकाच प्राध्यापकाभोवती, एकाच वर्षी या दोन गोष्टी घडल्या. रोगाचे मूळ समाजरचनेत शोधू पाहणारी शाळा जन्मण्याआधीच मेली, आणि समाजरचनेच्या रोगाचे मूळ शोधणारा विद्यार्थी पुढच्या अभ्यासासाठी लंडनच्या बोटीत बसला.

हॉपकिन्सची शाळा १९१८ साली बाल्टिमोर शहरात उघडली. या शहराची एक गोष्ट आरोग्याच्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितली जाते. काळ्या माणसांनी कोणत्या गल्लीत राहावे आणि गोऱ्यांनी कोणत्या, याचा कायदा बाल्टिमोरने १९१० साली केला होता. गल्लीगल्लीनिहाय! १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका शहराच्या खटल्यात असे कायदे रद्द ठरवले, पण कायदा गेला तरी वस्त्या राहिल्या. म्हारवाडा आणि मांगवाडा यांना कोणत्या कायद्याने गावकुसाबाहेर बसवले होते? अशा शहरात ‘आरोग्यशास्त्र’ हे नाव धारण करून जी विद्या उभी राहिली तिची मुख्य दालने जंतुशास्त्र, परोपजीवीशास्त्र, आहाररसायन, सांख्यिकी, साथरोगशास्त्र ही होती. या विद्येने माणसे वाचवली नाहीत असे मी म्हणत नाही. देवी गेली, पटकीचे भय ओसरले, आमच्याही घरातली लेकरे लसीमुळे जगली. मुद्दा असा की या विद्येने जंतूला नाव दिले, पण गल्लीला दिले नाही.

हीच विद्या पुढे बोटीतून आपल्याकडे आली. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने कलकत्त्याला अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था उभी राहिली, तिचे उद्घाटन डिसेंबर १९३२ मध्ये झाले. १९३२ म्हणजे पुणे कराराचे साल. येरवड्यात आपल्या राजकीय हक्काची वाटाघाट सप्टेंबरात संपली, आणि तीन महिन्यांनी कलकत्त्यात देशाच्या आरोग्य अधिकाऱ्यांची शाळा उघडली. एकाच वर्षाच्या या दोन नोंदी एका पुस्तकात एका पानावर आलेल्या मी अजून पाहिलेल्या नाहीत.

आता त्या मुलीच्या पहिल्या सत्राकडे वळतो. साथरोगशास्त्राचा पहिला धडा जगभर एकच असतो : जॉन स्नो. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. स्नोने मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली, ती ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती गोळा झाली, आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. त्या परिसरात ६१६ माणसे मेली. ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. पण स्नोचे खरे मोठे काम दुसरेच आहे. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या पाणी पुरवीत. एकीचे पाणी थेम्स नदीच्या घाण भागातून येई, दुसरीने आपला उपसा नदीच्या वरच्या, स्वच्छ भागात हलवला होता. दोघींचे नळ एकाच रस्त्याने गेलेले. शेजारशेजारच्या घरांत, श्रीमंताच्या आणि गरिबाच्या, नळ कोणाचा हे केवळ योगायोगाने ठरलेले. स्नोने दारोदार जाऊन नळ कोणाचा ते विचारले. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत घाण पाण्याच्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, आणि स्वच्छ पाण्याच्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३७. शास्त्र म्हणून हे काम निर्दोष आहे. मी ते वर्गात इतिहासाच्या मुलांनाही सांगतो.

पण हा धडा महाराष्ट्राच्या खेड्यात आणून पाहा. स्नोचा सगळा पुरावा एका गोष्टीवर उभा आहे, की शेजाऱ्या-शेजाऱ्यांत पाण्याखेरीज दुसरा फरक नव्हता. आपल्या गावात दोन विहिरी होत्या, पण कोण कोणत्या विहिरीवर जाईल हे योगायोगाने ठरत नव्हते. ते जन्माने ठरत होते. लंडनच्या नळाला जात नव्हती. इथे पाण्याआधी जात येते, आणि पाणी तिच्या मागून येते.

महाडचे तळे हा याचा धडधडीत दाखला. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो स्त्रीपुरुषांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी तळे ‘शुद्ध’ केले. कसे? १०८ घागरी दही, दूध, शेण आणि गोमूत्र मंत्रघोषात त्यात ओतून. साथरोगशास्त्राच्या पहिल्या सत्राच्या विद्यार्थ्याला हे वाक्य द्यावे आणि विचारावे : या तळ्याचे पाणी २० मार्चला अधिक पिण्यायोग्य होते की शुद्धीनंतर? ब्रॉड स्ट्रीटला माणसांनी दांडा काढला तो पाणी घाण आहे म्हणून. महाडला माणसांनी शेण ओतले ते पाणी माणसाने शिवले म्हणून. पुढे दहा वर्षे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. जगाच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात पाण्याच्या हक्कासाठी इतक्या लोकांनी एकदम केलेली कृती फार थोडी सापडेल. पण तिची नोंद राजकारणाच्या खात्यात झाली, आरोग्याच्या खात्यात झालीच नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या वाचनयादीत ब्रॉड स्ट्रीट होते, महाड नव्हते.

दुसरा विषय जीवसांख्यिकी. येथे जात सापडते, पण एका रकान्यात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास, इतर. त्या मुलीने मला एक नेहमीचा गणिती व्यवहार समजावून सांगितला तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो. समजा अभ्यासात दिसले की दलित घरांत बालमृत्यू अधिक आहेत. मग संशोधक उत्पन्नाचा परिणाम ‘वगळतो’, मग आईच्या शिक्षणाचा, मग घराचा, मग पाण्याचा, मग संडासाचा. असे एकेक वगळत गेले की जातीचा आकडा लहान लहान होत जातो, आणि शेवटी तो लिहितो की जातीचा स्वतंत्र परिणाम फारसा आढळला नाही.

यात गफलत कोठे आहे? सांख्यिकीचेच शास्त्र सांगते की वगळायचे ते गोंधळ उडवणारे तिसरे कारण, म्हणजे जे दोन्ही बाजूंवर बाहेरून परिणाम करते. कारणापासून परिणामापर्यंत जाणारी मधली पायरी वगळायची नसते. वगळली तर कारणच पुसले जाते. उत्पन्न, आईचे शिक्षण, घराची जागा, विहीर, संडास या जातीच्या बाहेरच्या गोष्टी आहेत काय? जात माणसाच्या अंगावर पोचते ती याच रस्त्यांनी. महाडला एखाद्या संशोधकाने ‘पाण्याचा स्रोत’ वगळून पटकीचा हिशेब केला असता तर त्याला जातीचा काहीच परिणाम दिसला नसता, आणि त्याने तसे इमानेइतबारे छापले असते. आकडेशास्त्राला मी दोष देत नाही. शास्त्र हा भेद शिकवते. पण कोणते बाहेरचे आणि कोणते मधले, हे आकडे सांगत नाहीत, समाजाचा इतिहास सांगतो. तो ज्याला शिकवलेला नाही त्याच्या हातात सूत्र दिले की तो आपल्या आजीचे आयुष्य ‘वगळून’ टाकतो. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ च्या अहवालात भारतातील दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय उच्चवर्णीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी असल्याचे नोंदवले. ही १४.६ वर्षे कोणत्या रकान्यात गेली?

अमेरिकेतल्या काळ्या विचारवंतांनी हा वाद फार आधी ओळखला. १८९६ साली फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीच्या आकडेतज्ज्ञाने काळ्यांचे अधिक मृत्यू त्यांच्या वंशाच्या दुबळेपणामुळे होतात असा ग्रंथ लिहिला. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १८९९ साली फिलाडेल्फियाच्या काळ्या वस्तीत घरोघर फिरून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९०६ मध्ये काळ्यांच्या आरोग्यावर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. मृत्यूचे कारण वंशात नाही, परिस्थितीत आहे, हे त्यांनी आकड्यांनीच दाखवले. ते रॉकफेलरच्या बैठकीच्या आठ वर्षे आधी. बैठकीत त्यांना कोण बोलावणार? बाबासाहेबांनी १९४६ साली याच ड्यू बॉइसना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे करावयाच्या अर्जाबद्दल विचारणा केली होती, हे येथे आठवावे.

त्या पुढचा इतिहास रक्ताने लिहिलेला आहे. १९३२ साली, म्हणजे कलकत्त्याची संस्था उघडली त्याच वर्षी, अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसेवेने अलाबामातील टस्कीगी येथे उपदंश झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांचे ‘निरीक्षण’ सुरू केले. औषध उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही. हे चाळीस वर्षे चालले आणि जुलै १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी उघडे पाडले. ते करणारे लोक अडाणी नव्हते, याच विद्येचे पदवीधर होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ब्लॅक पँथरांनी आपल्या दहा कलमांत मोफत आरोग्याची मागणी घातली. त्याआधीच त्यांनी वस्त्यांत दवाखाने काढले होते. त्याच वर्षीच्या मेमध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. आपण त्यांचे नाव घेतले, त्यांचा त्वेष घेतला. त्यांचे दवाखाने मात्र घेतले नाहीत. हे मी टोचून बोलायचे म्हणून लिहीत नाही. पण चळवळीतल्या मित्रांनी यावर एकदा बसून बोलले पाहिजे.

टस्कीगी आज अमेरिकेच्या प्रत्येक आरोग्य शाळेत नीतिशास्त्राच्या तासाला शिकवले जाते. तेथील पदव्यांना मान्यता देणाऱ्या परिषदेने २०१६ साली निकष बदलले, त्यांत वंशवाद आणि रचनेतला पक्षपात आरोग्याची हानी कसा करतो हे प्रत्येक पदवीधराला मांडता आले पाहिजे असे कलमच घातले. शंभर वर्षे लागली. म्हणजे कोलंबियाच्या हरलेल्या नकाशाचा एक कोपरा बरोबर शंभर वर्षांनी परत आला. आपल्याकडे ‘जात’ हा शब्द असा कलमात कधी येणार? माझ्या पाहण्यात आलेल्या विषयपत्रिकांत तो ‘सामाजिक घटक’ या बोचक्यात बांधलेला आहे, आणि बोचके पाचव्या विषयाच्या तळाशी.

मुंबईच्या प्लेगचा धडाही असाच अर्धा शिकवला जातो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत गोमंतकीय डॉक्टर व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये लस स्वतःला टोचून घेतली. त्याच साली साथरोग कायदा झाला. पुण्यात रँड मारला गेला. एवढे सगळ्यांना पाठ. पण मुंबई महापालिकेला त्या हिवाळ्यात सर्वांत मोठी धास्ती कशाची होती? हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून जातील याची. ते गेले तर शहर राहण्याजोगे उरणार नाही हे साहेबाला चांगले ठाऊक होते, आणि सक्तीचे उपाय सैल करण्यात त्या भीतीचाही वाटा होता. साथ कोण थोपवते हे प्रशासनाला कळले होते, अभ्यासक्रमाला कळलेले नाही. आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेलेल्या सावित्रीबाई फुले? मुंढव्याच्या महारवाड्यातला आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवणारी ही बाई सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात रँडच्या नंतर तरी यावी की नाही?

राहता राहिले व्यवसायजन्य आरोग्य. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने होणारा रोग, खाणीतल्या वाळूचा रोग, हे सर्व यादीत आहे. गटार एका ओळीत. माझे वडील एका नगरपालिकेत सफाई कामगार होते. गटारात उतरणाऱ्यांचा त्यांच्यात एक नियम होता : घाण वास येतोय तोवर भ्यायचे नाही, वास येईनासा झाला की दोर ओढायचा. ही बाब मी त्या मुलीला सांगितली तेव्हा तिने पुस्तकात काढून दाखवले की हायड्रोजन सल्फाइड वायू एका मर्यादेपलीकडे वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि त्यापुढे थोड्याच वाढीत माणूस बेशुद्ध पडतो. पुस्तकात ते विषशास्त्र आहे. वडिलांच्या तोंडी ते कोणी लिहून घेतले नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ मध्ये ती तीस लाख केली. भरपाईचा आकडा वाढतो याचा अर्थ वाचकांना समजावून सांगायला नको.

तिच्या प्रबंधाचा विषय आता ठरला आहे : एका शहरातील भूमिगत गटारात उतरणाऱ्या कामगारांची फुप्फुसे. मार्गदर्शकांनी पहिलाच प्रश्न रास्त विचारला, की तुलनेसाठी गट कोणता घेणार. काम तेच, वय तेच, फक्त जात दुसरी असा. ती गेले दोन महिने त्या शहराच्या प्रत्येक प्रभागात फिरते आहे. तसा एकही माणूस तिला अजून सापडलेला नाही.